रडत रडत देवाची स्तुती करायची म्हणजे नक्की काय करायचं

सलाम मंडळी. मागच्या आठवड्यात उपासना संपल्यावर चर्चमधल्या एका ताईंनी माझा हात धरला आणि विचारलं, मिस्टरांचं काम सुटलंय, पोरगा महिनाभर आजारी आहे, आणि जो भेटतो तो सांगतो देवाची स्तुती कर, तर करायची म्हणजे नक्की काय करायचं गं, सुरुवात कुठून करायची? मला तिथं दारात उभ्या उभ्या धड काही सांगता आलं नाही, शेजारी पोरं चपला शोधत होती, म्हणून घरी येऊन लिहायला बसले. मी काही पाळक नाही, बायबल कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, चर्चमध्ये पेटी वाजवते आणि संडे स्कूलला शिकवते एवढंच.

पण 2019 च्या पावसाळ्यात माझे पप्पा 19 दिवस आयसीयूत होते, पॅरालिसिसचा मोठा झटका, आणि ते 19 दिवस मी बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर काढलेत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी चर्चच्या ग्रुपवर मेसेज आला, "प्रभूची स्तुती करा, सगळं चांगलंच होणार", खाली गुलाब आणि हात जोडलेले. मी फोन पर्समध्ये कोंबला आणि जिन्यात जाऊन रडले. राग आला होता, ज्या काकूंनी पाठवला त्यांचा पण आणि देवाचा पण. पप्पा विसाव्या दिवशी पहाटे प्रभूमध्ये निजले. हे आधीच सांगून टाकते, कारण असलं काही लिहिलेलं असलं की शेवटी पेशंट उठून बसतो अशी सवय झालीय आपल्याला, इथे तसं नाहीये. तरी त्या 19 दिवसांत आणि नंतरच्या दोनेक वर्षांत स्तुती करायला मी शिकले, वाकडीतिकडी का होईना, ते सांगते.

सुरुवात तक्रारीने करा

हो, तक्रारीनेच. आपल्याकडे कोणाला कसं काय विचारलं की "प्रभूची कृपा" म्हणायची इतकी सवय आहे की घरात आग लागली तरी आपण प्रभूची कृपा म्हणू. आणि मग देवासमोर बसलो तरी तेच चालू राहतं, तोंडाने हालेलुया आणि पोटात गोळा.

बायबलमधल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकात 150 स्तोत्रं आहेत. इब्री, म्हणजे हिब्रू भाषेत त्या पुस्तकाचं नाव तेहिल्लीम, म्हणजे स्तुतिगीतं. आता एकदा निवांत बसून चाळा, त्यात रडगाणी किती आहेत बघा. माझी गादी रोज रात्री आसवांनी भिजते असं सांगणारा आहे (सहावं), देवा तू मला का सोडलंस असं ओरडणारा आहे (बावीसावं), आणि हे सगळं ज्या पुस्तकात आहे त्याला लोकांनी नाव दिलं स्तुतिगीतं. मला हे पहिल्यांदा कळलं ना तेव्हा एकदम हलकं वाटलं. म्हणजे देवाकडे तोंड करून रडणं हे पण त्याच वहीत जमा होतं. पाठ फिरवून गप्प बसणं वेगळं, आणि त्याच्या समोर जाऊन "हे काय चाललंय तुझं" असं विचारणं वेगळं. दुसऱ्यात विश्वास आहे, कारण जो ऐकत नाही त्याच्याशी कोण भांडतं?

तेरावं स्तोत्र उघडा. फक्त सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोनच ओव्यांत चार वेळा "कुठवर" असं विचारलंय, कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, कुठवर मी मनात झुरायचं, कुठवर माझ्या शत्रूने वरचढ राहायचं. मग दोन ओव्यांत मागणी आहे, माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड येऊ दे. आणि शेवटच्या दोन ओव्यांत तो म्हणतो मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय, मी गाईन. आता गंमत बघा, मधे कुठंही लिहिलेलं नाही की शत्रू पळाला किंवा आजार बरा झाला. परिस्थिती पहिल्या ओवीत होती तीच सहाव्या ओवीत आहे.

मी हाच साचा घेतला. मोबाईलच्या नोट्समध्ये लिहायचे. आधी हाक, मग तक्रार, मग मागणी, मग शेवटी एक ओळ जी मला खरंच खरी वाटते. अकराव्या दिवसाची नोट अजून आहे माझ्याकडे, जशीच्या तशी देते:

"बापा, 11 दिवस झाले. डॉक्टर रोज तेच बोलतात. तुला दिसतंय ना हे? आईचं बीपी वाढलंय, एफडी मोडली, भाऊ नि मी विनाकारण भांडतोय. पप्पांना एकदा डोळे उघडू दे, एकदाच. तू मला असे पप्पा दिलेस, हे मात्र मी नाही म्हणू शकत नाही."

झालं, एवढीच स्तुती. त्या शेवटच्या ओळीबद्दल एकच नियम पाळा, खोटं लिहायचं नाही. "तू सगळं चांगलंच करतोस" हे त्या दिवशी मला खरं वाटत नव्हतं म्हणून मी लिहिलं नाही, दुसरं काय खरं वाटतंय ते शोधलं, कधी कधी शोधायला अर्धा तास जायचा. आणि एखाद्या दिवशी शोधूनही काही सापडलं नाही तर? तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायचं. त्यात शेवटी उजेड बिजेड काही येत नाही, इब्रीमध्ये त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे, आणि ते तसंच्या तसं पवित्र शास्त्रात ठेवलंय, कोणी त्याला गोड शेवट जोडला नाही. पण तो माणूस बोलतो मात्र देवाशीच, पहिल्या ओवीपासून.

"बद्दल" आणि "स्थितीत"

इथे एक गोंधळ होतो तो मिटवू. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 5:18 ला (पाचवा अध्याय, अठरावी ओवी) प्रेषित पौल सांगतो की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. स्थितीत. कॅन्सर झाला त्या कॅन्सरसाठी थँक्यू म्हण असं तो सांगत नाहीये. एका घरी सांत्वनाला गेलेले असताना एका भाऊंनी तरण्या पोराच्या आईला सांगितलेलं मी माझ्या कानाने ऐकलंय की "ताई, या मृत्यूबद्दल देवाचे उपकार माना", आणि ती बाई नुसती बघत राहिली त्यांच्याकडे. कोणी म्हणेल इफिसकरांच्या पत्रात 5:20 ला सगळ्या गोष्टींबद्दल उपकार माना असंही आहे. आहे, नाही कशाला म्हणू. पण ज्या प्रभूच्या नावाने हे लिहिलंय तो येशू स्वतः लाजार या त्याच्या मित्राच्या कबरेजवळ रडला, तिथे त्याने मरणाचे आभार मानले नाहीत, बापाने माझं ऐकलं याचे मानले, योहान अकराव्या अध्यायात आहे, काढून बघा. मी तरी दोन्ही वचनं शेजारी ठेवून असंच वाचते, कोणाचं मत वेगळं असेल तर असू दे, पण ज्याच्या घरात नुकतीच मूठमाती झालीय त्याच्यासमोर हा वाद काढू नका एवढी हात जोडून विनंती.

आवाज काढा, अगदी बारीक का होईना

मनातल्या मनात स्तुती टेन्शनमध्ये टिकत नाही, हा माझा अनुभव. दोन मिनिटांत मन बिलाकडे, इन्शुरन्सच्या फॉर्मकडे, नाहीतर मागच्या भांडणाकडे जातं. ओठ हलले पाहिजेत. आयसीयूत गाता येत नाही, सिस्टर ओरडतात आणि बरोबरच आहे त्यांचं, पण भेटायच्या दहा मिनिटांत मी पप्पांच्या कानाशी वाकून गुणगुणायचे. त्यांना ऐकू येत होतं की नाही माहीत नाही, मला येत होतं.

गाणं कुठलं घ्यायचं? जे लहानपणापासून पाठ आहे तेच. नवीन गाणी, मोठ्या बँडची, ड्रम्सवाली, विजयाची, ती त्या काळात माझ्या घशाखाली उतरेनात, यूट्यूबवर लावली की उलट चीडच यायची. आमची आजी तांदूळ निवडताना जी गाणी म्हणायची ती मात्र आपोआप यायची, उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातली जुनी, अभंगाच्या चालीची, श्वास लागत नाही अशी. यात आपलं मराठी मंडळींचं नशीब जोरावर आहे असं मला वाटतं, कारण ही गाणी ज्यांनी लिहिली त्यांनी फुकटची लिहिलेली नाहीत. कवी ना. वा. टिळकांचं बघा, 1895 ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि घर फुटलं, बायको-मुलगा काही वर्षं दूर राहिले, नातेवाइकांनी संबंध तोडले. लक्ष्मीबाई नंतर आल्या, 1900 ला त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला, पण मधली वर्षं जायची होती ती गेलीच. अशा माणसाच्या गाण्यात "प्रभू जवळ आहे" असं आलं की ते मला पटतं, कारण त्याच्या जवळ दुसरं कोणी नव्हतं तेव्हा.

आणि पौल नि त्याचा सोबती सीला यांचं प्रेषितांची कृत्ये 16 मधलं, ते सगळ्यांना माहीत असतं, मध्यरात्री तुरुंगात गात होते आणि भूकंप झाला नि दारं उघडली. प्रवचनात कायम भूकंपावर जोर असतो, स्तुती करा आणि बेड्या तुटतील. पण गोष्ट वाचताना घाई करू नका. छड्यांनी फोडून काढलेलं, पाय खोड्यात अडकवलेले, म्हणजे धड पाठ टेकता येत नसणार की कूस बदलता येत नसणार. ते गायला लागले तेव्हा भूकंप होणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने एक बारीक गोष्ट लिहून ठेवलीय, बाकीचे कैदी ऐकत होते. आमच्या वेटिंगमध्ये एक मुसलमान चाचा होते, त्यांची बायको आत होती. एका रात्री मी तोंडावर ओढणी घेऊन गुणगुणत होते, मला वाटलं कोणाला ऐकू जात नाही, आणि सकाळी ते म्हणाले, बेटी, वो कल रातवाला फिर से गाओ ना.

अजून एक सांगते मग पुढे जाऊ. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, मत्तय 26:30. वल्हांडण सणाच्या जेवणाला 113 ते 118 ही स्तोत्रं म्हणायची यहूद्यांची रीत, म्हणजे त्या रात्री पण तीच असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात. 118 मध्येच ते आहे, परमेश्वराने नेमलेला दिवस हाच आहे, आपण आनंद करू, जे आपण संडे स्कूलच्या पोरांना टाळ्या वाजवून शिकवतो. ते गाऊन येशू गेथशेमाने बागेत गेला आणि थोड्याच वेळात जमिनीवर पालथा पडून म्हणाला, हा प्याला माझ्यावरून टळून जावो. स्तुती आणि विनवणी एकाच रात्री, एकाच तोंडातून. तेव्हापासून मी संडे स्कूलमध्ये ते गाणं शिकवताना एकदा तरी हळू चालीत म्हणून घेते, पोरं कंटाळतात, कंटाळू देत.

शब्दच सुचत नसतील तर उसने घ्या

याला लाजायचं नाही. तारखेचा एक जुना हिशोब आहे, तो सोपा आहे. आज 7 तारीख असेल तर सातवं स्तोत्र, मग त्यात तीस तीस मिळवत जायचं, 37, 67, 97, 127. अशी रोज पाच, महिन्यात 150 पूर्ण. 119 वं फार लांब आहे, 176 ओव्या, 29 तारखेला येतं, ते बाजूला काढून 31 तारखेसाठी ठेवायचं. पण हे धडधाकट माणसाचं वेळापत्रक झालं. दवाखान्यात असाल तर त्या पाचातलं सगळ्यात छोटं एकच घ्या आणि दिवसभर तेच चघळा. वाचायची ताकद नसेल तर ऑडिओ बायबल मराठीत फुकट मिळतं, कानात लावून पडून राहा, झोप लागली तर लागू दे.

झोपेवरून आठवलं. एलीयाची गोष्ट, 1 राजे 19. इतका मोठा संदेष्टा, रानात झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं देवा, माझा जीव घे. देवाने त्याला तिथं काय दिलं? प्रवचन नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू, मग परत झोप, मग परत भाकर. बोलणं नंतर, फार नंतर, डोंगरावर. म्हणून ज्यांना कित्येक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगून काय करू असं मनात येतंय, त्यांना माझं सांगणं आहे की स्तुतीचं नंतर बघू, आधी डॉक्टरकडे जा. सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणी म्हणालं तर त्यांना बीपीची गोळी बंद करायला सांगा आणि बघा काय म्हणतात. मी स्वतः आठ महिने गोळ्या घेतल्या आणि त्याच आठ महिन्यांत पेटी पण वाजवली.

उपकारांची वही

ही आईची आयडिया, माझी नाही. आमच्याकडे दुधाच्या हिशोबाची एक छोटी डायरी असते, त्यातल्या मागच्या पानांवर आई रोज एक उपकार लिहायची, दवाखान्यात असल्यापासून. 103 व्या स्तोत्रात आहे ना, त्याचे सगळे उपकार विसरू नको, तर आई म्हणाली मला सगळे नाही जमणार, मी एक लिहिते.

मोठं काही लिहायचं नाही ही तिची अट. "जीवन दिलं", "तारण दिलं" हे खरंच आहे पण ते लिहून दुसऱ्या दिवशी वही बंद पडते. तिच्या नोंदी बघा: आज लिफ्ट चालू होती. खालच्या मेडिकलवाल्याने हजार रुपये उधार ठेवले. सिस्टरने यांचे केस विंचरले. पाऊस उघडला, चादरी वाळल्या. आणि ज्या दिवशी पप्पा गेले त्या दिवशीची नोंद आहे, "त्रास झाला नाही", फक्त तीन शब्द, आणि शेजारी दूध 1 लिटर जास्त, कारण लोक येणार होते.

वही लिहायची असेल तर रात्री नका लिहू, रात्री सगळंच वाईट दिसतं. आई सकाळी दूध तापत ठेवलं की आदल्या दिवसाचं लिहायची. एखादा दिवस राहिला तर राहिला, मागचं भरत बसायचं नाही.

दुसऱ्यांना तुमच्यासाठी गाऊ द्या

पप्पा गेल्यानंतरचे दोन महिने मी चर्चमध्ये जायचे आणि गाण्याच्या वेळी नुसती उभी राहायचे. तोंडच उघडायचं नाही. पेटीवर दुसऱ्या मुलाला बसवलं होतं. मला वाटायचं आपण ढोंगी आहोत, इतकी वर्षं पुढे बसून वाजवलं आणि आता एक ओळ म्हणता येईना. मग मार्क दुसऱ्या अध्यायातली ती चार माणसं आठवली, पक्षघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडणारी. येशूने त्यांचा विश्वास पाहून असं तिथं लिहिलंय, त्यांचा. त्या बाजेवरच्या माणसाने काय विश्वास ठेवला, काही बोलला का, कुठं काही नाही. मग मी ठरवलं की सध्या आपण बाजेवर आहोत, बाकीची मंडळी उचलतायत तर उचलू देत. मागच्या बाकावर, दाराजवळ बसायचं, म्हणजे रडू आलं तर पटकन बाहेर जाता येतं, आणि गाणं नुसतं ऐकायचं. गीत म्हणणाऱ्यांच्या मधे उभं राहणं हे पण त्या दिवसापुरतं पुरतं.

आता जे उचलणारे आहेत त्यांच्यासाठी. कोणाच्या घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, ठेवली असेल तर वीस मिनिटं बस झाली. दोन गाणी, एक स्तोत्र, छोटी प्रार्थना, चहा मागू नका, उलट डबा घेऊन जा आणि डबा परत न्यायला चार दिवसांनी परत जा, तेवढ्या निमित्ताने अजून एक फेरी होते. "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य गेटच्या बाहेर ठेवून आत जा. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच काय ते त्यांनी बरं केलं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं, आणि शेवटी 42 व्या अध्यायात देव त्यांनाच रागावला, माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. जो ईयोब सबंध पुस्तकभर तक्रार करत होता, तो!

आमच्याकडे एक मावशी यायच्या, लांबच्या नात्यातल्या, त्या काहीच बोलायच्या नाहीत, आईच्या शेजारी बसून लसूण सोलायच्या आणि हळूच एखादं कडवं म्हणायच्या, आई म्हणाली तर म्हणाली, नाही तर एकट्याच पूर्ण करायच्या. जाताना सलाम करून जायच्या. मला वाटतं त्या दिवसांत आमच्या घरात देवाची जी काही स्तुती झाली ती बरीचशी त्या लसणाच्या टरफलांबरोबर झाली.

साक्षीचं काय

चांगलं झालं तर साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीसमोर सांगायला, सगळे पुढे बोलावतात. वाईट झालं तर कोणी बोलवत नाही, आणि मग पोरांना वाटतं की देव फक्त बरं करतो तेव्हाच असतो. दानिएलाच्या तिसऱ्या अध्यायातल्या त्या तिघांनी, राजाच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून ज्यांना आगीच्या भट्टीत टाकणार होते, राजाला काय सांगितलं, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि जरी नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्या "जरी नाही" वर फारसं कोणी बोलत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आम्ही एकदा महिला मंडळाची सहल नेली होती, तिथे फिरताना मला सारखं हेच येत होतं मनात. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील नि बहीण भुकेने गेले, 1880 ला भाऊ गेला, 1882 ला नवरा कॉलऱ्याने, आणि शेवटी 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा. आणि ही बाई त्या सगळ्याच्या मधे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी गोळा करून आणते, आणि म्हातारपणी बायबलचं मराठी भाषांतर करत बसते. 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या, लेक जाऊन वर्ष पण झालं नव्हतं. या बाईंची साक्ष ऐकायची म्हटली तर "आणि मग सगळं ठीक झालं" असं त्यात कुठं बसवणार?

तर तुमचं "जरी नाही" झालं असेल तरी साक्ष द्या, पण घाई नको आणि लांबण नको. मी सहा महिन्यांनी दिली, तीन वाक्यं होती. पप्पा बरे व्हावेत म्हणून आपण सगळ्यांनी प्रार्थना केली, ते बरे झाले नाहीत. मला अजून कळत नाही का. प्रभू मला सोडून गेला नाही एवढं मला कळतं. आणि खाली बसले. पाळकसाहेब दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग गीत क्रमांक सांगितला.

सणावाराचे दिवस

हे दिवस सगळ्यात अवघड, आधीच तयारी करून ठेवा. पहिल्या नाताळाला आम्ही चूक केली, काहीच करायचं नाही असं ठरवलं, ना करंज्या ना स्टार, आणि घर इतकं सुनं झालं की 25 तारखेला संध्याकाळी आई आणि मी दोघी दोन खोल्यांत बसून रडत होतो. दुसऱ्या वर्षी निम्मं केलं. स्टार लावला, फराळात फक्त पप्पांना आवडायची ती शेव केली, कॅरल्सवाली पोरं आली तेव्हा दार उघडलं पण दोनच गाणी म्हणा असं आधीच सांगितलं. निम्मं जमतं. पूर्ण नाही आणि शून्य नाही.

ईस्टरला आमच्याकडे पहाटे कबरस्तानात उपासना असते, अंधार असतानाच मेणबत्त्या घेऊन जायचं, आदल्या दिवशी कबरी झाडून फुलं ठेवलेली असतात. तिथे स्तुती करणं मला चर्चपेक्षा सोपं गेलं, का ते नीट सांगता येत नाही. सगळ्यांच्याच घरचं कोणीतरी तिथं असतं त्यामुळे कोणाला तोंड लपवायचं नसतं, आणि "तो उठला आहे" हे पप्पांच्या दगडापाशी उभं राहून म्हटलं की ते गाणं न राहता एक प्रकारची मागणीच होते, उठलायस ना, मग यांना पण उठव, वाट बघतोय आम्ही. पहिल्यांदा तिथेच माझा आवाज फुटला, धड सुरात नव्हता.

आणि शेवटचं, जे पेटी वाजवतात किंवा गीत सुरू करून देतात त्यांच्यासाठी. मंडळीत कोणाच्या घरी मयत झालेलं असेल, कोणी दवाखान्यातून थेट आलेलं असेल, तर त्या रविवारी पट्टी उतरवा. काळी दोनमध्ये म्हणता ते सफेद एकमध्ये घ्या, लय थोडी सैल सोडा, कडव्यांच्या मधे एक श्वास जास्त द्या. रडून बसलेल्या गळ्याला वरचा सा लागत नाही. सोमवारी कोणीतरी येऊन सांगेल की काल गाणं फार संथ झालं बुवा, सांगू दे.